चार बोटं बाहेर ठेवलेली खुंटी

सदूमामा, आधी आपलं भांडण पूर्ण करू. रडायचं काय ते नंतर बघता येईल. तुमच्या तेरवीला माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, यावरून गावातल्या दोन-चार जणींनी एकमेकींकडे पाहिलंच. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. ऐन वेळी उठून निघून जायची ही कोणती पद्धत? चावडीची सगळी लाकडं तलावाच्या पाळीवर ताडपत्रीखाली पडलेली, सरपंचांचा एक दिवसाआड फोन, पावसाळा तोंडावर. आणि ती लाकडं परत कशी जोडायची हे ज्या एका माणसाला माहीत, तो दोन दिवसांच्या तापाचं निमित्त करून मोकळा!

तुम्ही वाढई. सालेकसा तालुक्यातल्या आपल्या गावात कोणाला लाकडाचं काही करायचं असलं की आधी तुमच्या अंगणात यायचं, असे वाढई. आईला तुम्ही बहीण मानलंत म्हणून मी भाची, आणि भाची म्हणून रंध्याच्या साली बांगड्यांसारख्या हातात घालून तुमच्या अंगणात हिंडायची मला मुभा. पुढे मी सिव्हिल इंजिनिअर झाले, गोंदियात ऑफिस टाकलं, लोकांना सिमेंटची घरं बांधून देऊ लागले. तेव्हापासून तुम्ही मला नावाने हाक मारणं सोडलंत. ‘इंजिनेर’ म्हणायचात. त्या एका शब्दात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

भांडणाची सुरुवात माझ्या घरापासून झाली. गोंदियातलं घर झालं तेव्हा दारापुढे लाकडाची छपरी करून द्यायचा हट्ट तुमचाच. कोणाच्या तरी मोडलेल्या गोठ्याचे सागाचे खांब ट्रॅक्टरवर घालून आणलेत, चार दिवस ठोकाठोक केलीत, आणि एक खिळा न वापरता छपरी उभी केलीत. सुंदर झाली होती. तेव्हा तोंडाने म्हटलं नाही, आता म्हणते. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. सगळ्या लाकडी खुंट्या तुम्ही लाकडाच्या बरोबरीने कापल्या होत्या आणि कोपऱ्यातली एक मात्र चार बोटं बाहेर ठेवली होती.

“मामा, ही कापायची राहिली.”

“राहिली नाही. ठेवली.”

“काऊन?” तुमच्याशी बोलताना माझ्या तोंडात गावची बोली आपोआप यायची.

“हे खुंटी सगळ्यात शेवटी ठोकली. उकलाच्या वेळेस पह्यले हेच निघन. उद्या कोणाले उकलाचं असन त त्यानं सुरुवात कोठून कराची?”

मी म्हटलं, छपरी आज उभी राहिली आणि तुम्ही आजच ती उकलायच्या गोष्टी करता. वर कोणाच्या डोक्याला लागेल ते वेगळंच. तुम्ही पिशवीत हत्यारं भरत होतात. मान वर न करता म्हणालात, “डोक्याले लागलं त वर पाहतीन.” संपलं. एवढं बोलून माणूस कसा काय गप्प बसू शकतो, मामा? मी इंजिनिअर आहे. मला कारण लागतं, सविस्तर लागतं. तुम्ही एक वाक्य टाकायचात आणि चहा मागायचात.

तुम्ही गेल्यावर आठवडाभरात मी ती खुंटी कापून घेतली आणि वरून पॉलिश मारून घेतलं. मला सगळं गुळगुळीत लागतं, त्याला काय करणार! पुढच्या खेपेला आलात तेव्हा दारातच थांबून तुम्ही त्या जागेवरून अंगठा फिरवलात. “बरं,” म्हणालात. तुमचं ते ‘बरं’ मला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

त्याच खेपेला माझ्या बाथरूमच्या भिंतीतली पाइपलाइन फुटली होती. प्लंबर छिन्नीने टाइल्स फोडत होता, घरभर धूळ, आणि तुम्ही खुर्चीत बसून सगळा तमाशा पाहत होतात. “नळ फुटला त भिंत काऊन फोडून राहिला तो?” पाइप भिंतीच्या आत असतो, मी सांगितलं. “मंग आत कायले गाडला? कधीतरी फुटनच ना.” बाहेरून नेला तर वाईट दिसतं, असं मी म्हणाले. तुम्ही त्या फुटक्या भिंतीकडे बोट केलंत आणि म्हणालात, “इंजिनेर, तुह्या घराले रोग झाला त डॉक्टर शिरन कोठून?”

मला हसू आलं नाही. आमच्या कॉलेजात चार वर्षांत कोणी हा प्रश्न विचारला नव्हता, याचा त्रास झाला. आम्ही शिकलो ते घर पक्कं कसं करायचं. एकदा ओतलं की ओतलं. बिघडलं की फोडायचं, आणि फार बिघडलं की सगळंच फोडून मलबा गाडीत भरायचा. मग मी तुमच्यावर उलटले. म्हटलं, तुमच्या स्वतःच्या घरावर स्लॅब आहे ते सांगा. त्यावर तुम्ही खरंच ओशाळलात. “पोट्टे म्हणले, पक्कं पाहिजे. मी त लोकायचे घरं उकलत फिरलो. माह्या घरी आता उकलाले काई नाही.” उन्हाळ्यात तुम्ही दुपारभर घराबाहेर मोहाखाली खाट टाकून पडायचात, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सागाचं लाकूड आता आणायचं कुठून, हा माझा हुकमी प्रश्न होता. जंगल राखायचं की घरं बांधायची? यावर तुम्ही हरणार अशी माझी खात्री होती. “म्हणून त सांगून राहिलो,” तुम्ही म्हणालात, “जे हाय ते परत वापर. नवीन झाड कोण तोडाले सांगते तुले?” मी तुमच्यासाठी चहा टाकायला उठले.

मग चावडीचं निघालं. चावडी म्हणजे बारा खांबांवर कवेलूंचं छप्पर, तीन बाजू मोकळ्या. माझी पहिली-दुसरी तिथेच झाली. धान निघाल्यावर गावाची बैठक तिथेच व्हायची, तेंदूपत्त्याची वाट पाहत बायका तिथेच बसायच्या. रस्ता रुंद व्हायचा ठरला आणि चावडी नेमकी मध्ये आली. सरपंचांनी मला गावची इंजिनिअर म्हणून बैठकीला बोलावलं. म्हणाले, “मॅडम, आता याले ठेवून का फायदा? जेसीबी लावतो, एका दिवसात साफ.” माझंही तेच मत होतं. मी त्या जागी काय बांधता येईल हे मनात आखायलाही लागले होते.

तुम्ही मागच्या रांगेतून उभे राहिलात. “पाडू नोका. उकलू. तलावाच्या पाळीवर नेऊ अन् उभी करू.” लोक हसले. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत, “हे इंजिनेर कागद काढन, मी लाकूड पाहीन.” मला न विचारता! सरपंचांनी मग अट घातली. पावसाळ्याआधी चावडी उभी राहिली तर ठीक, नाहीतर तलावाच्या पाळीवरची ती जागा सिमेंटच्या समाजमंदिराला, आणि लाकडं लिलावात. मी रागारागाने हो म्हटलं. मागे वळून पाहिलं तर तुम्ही लहान मुलासारखे हसत होतात.

धान निघालं आणि आपण कामाला लागलो. पहिल्या दिवशी तुम्ही नुसते खांबांमधून फिरत राहिलात, वर पाहत. माझा माणूस गणेश पहार घेऊन तयार, मी नकाशा घेऊन तयार, आणि तुम्ही काही सुरू करू देईनात. दुपारी एका कोपऱ्यात थांबलात, चुन्याचे थर नखाने खरवडलेत, आणि आतून ती निघाली. चार बोटं बाहेर ठेवलेली खुंटी. तुमच्या आजोबांनी ठोकलेली. कितीतरी वर्षं लोक तिच्यावर टोप्या, पिशव्या टांगत होते आणि दर दिवाळीला तिच्यावर चुना मारत होते. तुम्ही लाकडी हातोड्याने मागून तीन टोले दिलेत. ती निघाली. मग तिच्या शेजारची आडवी तुळई हलली, मग दुसरी, आणि जुन्या स्वेटरचा धागा सापडावा तशी सगळी चावडी त्या एका जागेपासून सुटत गेली. पाच दिवसांत बाराही खांब जमिनीवर आडवे झाले, एकाही लाकडाला चीर न पडता.

मी खांबांचे बुडखे पाहिले. कुजलेले असणार अशी खात्री होती. ठणठणीत होते. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर नुसता उभा होता, मातीत गाडलेला नव्हता. पाणी आलं तरी खालून निघून जात होतं आणि वारा पाय सुकवत होता. “उधई चढली त दिसली पाहिजे ना,” तुम्ही वाळवीचं म्हणालात. “गाडलं त दिसन कशी?” त्या संध्याकाळी गोंदियाला परतताना मी माझ्या मागच्या तीन घरांचे नकाशे डोक्यात उघडून पाहिले, आणि चिडचिड झाली.

आता ते सांगते, जे तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

लाकडांवर धूर, तेल आणि रंगाचे थर होते. मला त्यांच्यावर माझ्या नकाशातले नंबर घालायचे होते. तुम्ही दोन दिवस कोणाच्या लग्नाला गेला होतात. मी गणेशला सांगितलं, मशीन लाव, सगळं स्वच्छ कर, मग ऑइल पेंटने नंबर टाक. त्याने ग्राइंडर फिरवला. लाकूड नवं कोरं दिसायला लागलं. मी फोटोसुद्धा काढले, मामा, तुम्हाला दाखवायला. प्रत्येक जोडाजवळ पटाशीने कोरलेल्या खुणा होत्या, कुठे दोन उभ्या एक आडवी, कुठे कोंबडीच्या पायासारखं काही. मला वाटलं, जुने ओरखडे आहेत, आणि मशीनखाली तेही घासून गेले. कोणतं लाकूड कोणाचं जोडीदार, हे तुमच्या आजोबांनी त्या खुणांत लिहून ठेवलं होतं. सगळे खांब एका मापाचे, सगळ्या तुळया एका मापाच्या, असं माझा नकाशा म्हणत होता. तुमच्या आजोबांनी मात्र तुळईच्या टोकाचा प्रत्येक कुसू त्याच्या एकट्याच्या खाचेसाठी कोरला होता. तो दुसरीकडे बसणार नव्हता.

तुम्ही आलात. पाहिलंत. हात फिरवलात त्या गुळगुळीत लाकडावरून. या वेळी ‘बरं’सुद्धा म्हणाला नाहीत. सायकल घेतलीत आणि घरी गेलात.

तुम्ही मला शिव्या का नाही दिल्यात? भर गावात दोन थोबाडीत मारल्या असत्यात तरी मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही कामावर येणं थांबवलंत आणि मी समजले, रुसलात. थंडीत तुम्ही आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला आले होते. माफी मागायची असं रस्ताभर ठरवून आले होते. तुम्ही खाटेवर बसून विचारलंत, गोंदियात ऊन पडून राहिलं का. मी म्हटलं, पडून राहिलं. मग आपण दोघं धानाबद्दल बोललो, मामीने चहा दिला, आणि मी निघाले. तुमच्यासारखंच मलाही नेमकं बोलायच्या वेळी बोलता येत नाही. हे मी तुमच्याकडूनच उचललं असणार.

मग ऐन उन्हाळ्यात तो फोन आला. तुम्ही गेलात.

तेरवीच्या आधीच्या आठवड्यात मी गणेशला घेऊन तलावावर गेले होते. सरपंच म्हणाले होते, महिनाअखेर काही उभं दिसलं नाही तर लिलाव. आम्ही माझ्या नंबरांप्रमाणे तीन जोड लावून पाहिले. एक बोटभर सैल. दुसरा शिरेचना. तिसरा शिरला आणि तिरका उभा राहिला. गणेश म्हणाला, “मॅडम, कुसू कापून टाकू, लोखंडी पट्टी मारू, नटबोल्ट कसू. कोणाले समजनार नाही.” मी जवळजवळ हो म्हणाले होते. खरं सांगते, तुमच्यावरच्या रागाने हो म्हणणार होते.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मामी मला म्हणाली, “आता का करतेस लाकडाचं?” मी म्हटलं, “काय करू? खुणा मी पुसल्या, आणि ओळखणारा गेला.” आणि मग, तुम्हाला नाही सांगता आलं ते मामीला सांगितलं. मशीन, फोटो, सगळं. मामी पदराने भांडी पुसत होती. म्हणाली, “मले माहीत हाय. दोन दिवस जेवले नाही ते.” मी मान खाली घातली. “मंग तिसऱ्या दिवशी उठले अन् पटाशी घेऊन तलावावर गेले. रोजच जात. सकाळी चहा पिऊन जात, उन्हं चढली का येत. ताप आला तरी गेले.”

“काय करत होते तिथे?”

“खुणा. म्हणे, आता अशा जागी करतो का त्या पोट्टीची मशीन जाऊच नाही शकन.”

मी तशीच तलावावर धावले. ताडपत्री बाजूला केली, मोबाइलचा उजेड खांबाच्या खाचेत टाकला. आत, भोकाच्या भिंतीवर, ताज्या पिवळ्या लाकडात कोंबडीचा पाय. शेजारच्या तुळईच्या कुसूच्या पोटाशी तसाच दुसरा. एका खाचेत तुमची काडीसुद्धा राहिली होती, जिने तुम्ही प्रत्येक भोक आणि प्रत्येक कुसू मोजून त्यांच्या जोड्या परत लावल्या असणार. बारा खांब, सगळ्या तुळया. रचलेल्या ढिगात, आडवे पडून, तापाच्या अंगाने. शेवटच्या खांबावरच्या खुणा तर इतक्या उथळ होत्या की बोटाने चाचपून वाचाव्या लागल्या. तिथे मला रडू आलं. गावातल्या बायकांना सांगा, उशिरा आलं, पण आलं.

आणि तरीही माझा राग जात नाही. मी तुमच्या समोर बसून चहा प्यायले त्या दिवशीही तुम्ही सकाळी तलावावर जाऊन आला होतात, मामीने नंतर सांगितलं. खिशात पटाशी असेल तुमच्या. “मी करून राहिलो, तू चिंता नको करू,” एवढे शब्द जड होते का? मी हात धरून सोबत बसले असते. शिकले असते. आता माझ्याजवळ खुणा आहेत, पण कुसू आणि खाच कशी कोरायची ते शिकवणारं कोणी नाही. पुढची चावडी उकलायची वेळ आली तर मी कोणाला विचारू? मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला भिंतीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स हव्या होत्या. मी त्याच्यावर उगाच ओरडले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

परवा आणि काल चावडी उभी केली. मामी सकाळपासून पाळीवर बसून होती. सरपंचांनी विचारलं, खांबाखाली काँक्रीट नाही का टाकत, मजबूत होईल. मी म्हटलं, तळखड्यावरच राहतील, पाय दिसले पाहिजेत. ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत होते. कोंबडीच्या पायाला कोंबडीचा पाय, दोन उभ्या एक आडवीला दोन उभ्या एक आडवी. जोड असे बसत गेले की गणेश स्वतःच पुढची खूण शोधायला लागला. सगळ्यात शेवटची खुंटी मी माझ्या हाताने ठोकली. तुमच्या आजोबांचीच, तुम्ही कापडात बांधून मामीजवळ ठेवलेली. चार टोले लागले.

गणेशने सवयीने करवत उचलली. “मॅडम, हे बाहेर राहिली. कापू का? डोक्याले लागन कोणाच्या.”

“लागू दे,” मी म्हटलं. “डोक्याले लागलं त वर पाहतीन.”

मामीने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. चावडी उभी आहे, मामा. खुंटी चार बोटं बाहेर आहे. या वेळी मी कापली नाही.